सिरामार्गाने हृदयापर्यंत जाणारे सौम्य अर्बुद

चाळिशी ओलांडलेली स्त्री पायावरील शोथ, चालताना लागणारा दम आणि क्वचित येणारी भोवळ या तक्रारी घेऊन चिकित्सालयात येते. पूर्ववृत्त विचारता गर्भाशयातील गाठींचा, म्हणजे फायब्रॉइडचा, इतिहास मिळतो. कित्येकदा त्यासाठी गर्भाशय काढण्याचे शस्त्रकर्मही काही वर्षांपूर्वी झालेले असते. या दोन गोष्टींची सांगड घालणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'इंट्राव्हीनस लिओमायोमॅटोसिस' हा अत्यंत विरळ आढळणारा विकार होय. १८९६ साली बिर्च-हिर्शफेल्ड यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. १९०७ साली ड्युर्क यांनी हृदयापर्यंत पोहोचलेल्या अर्बुदाची नोंद केली. यातील पेशी सौम्य, अनैच्छिक स्नायूंच्या असतात. मात्र वाढ सिरेच्या पोकळीत होते. गर्भाशयाच्या सिरांतून श्रोणीतील मोठ्या सिरा, तेथून अधोमहासिरा व शेवटी हृदयाचे उजवे अलिंद असा तिचा मार्ग असतो. बीजकोशाच्या सिरेतूनही ती वर चढते. अलिंदात लोंबणारे टोक त्रिदली झडपेत अडकल्यास मूर्च्छा, प्रसंगी आकस्मिक मृत्यूही ओढवतो. पेशी सौम्य असल्या तरी स्थान सौम्य नाही, हे ध्यानात ठेवावे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथीच्या पाच प्रकारांत सिराज ग्रंथी सांगितली आहे. नामसाम्यामुळे प्रस्तुत विकार तोच होय असे मानू नये. मर्मस्थानी झालेली सिराज ग्रंथी वर्ज्य मानण्यामागील सावधगिरी मात्र येथेही उपयोगी ठरते.

निदान

या अर्बुदाची गफलत बहुधा दोन व्याधींशी होते: सिरेतील रक्ताची गुठळी आणि हृदयातील मिक्सोमा. गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात आणि वाढ तशीच राहते. टू-डी इको तपासणीत अलिंदातील गाठ दिसली, तर ती खालून अधोमहासिरेतून आली आहे काय हे पाहणे अगत्याचे असते. सोनोग्राफी व त्यानंतर कॉन्ट्रास्टसह सीटी अथवा एमआरआय श्रोणीपासून हृदयापर्यंत करावे लागते. अर्बुदास स्वतःचा रक्तपुरवठा असल्याने ते कॉन्ट्रास्ट शोषते. साधी गुठळी शोषत नाही. अंतिम निर्णय ऊतिपरीक्षणाने होतो.

शस्त्रकर्म

संपूर्ण निर्हरण हीच मुख्य चिकित्सा होय. अर्बुद सिरेच्या भित्तीस बहुधा सर्वत्र चिकटलेले नसते, त्यामुळे सिरा उघडून ते ओढून काढणे पुष्कळदा शक्य होते. हृदयात शिरले असल्यास हार्ट-लंग मशीनच्या आधारे छाती व उदर एकाच वेळी उघडतात, किंवा दोन टप्प्यांत शस्त्रकर्म करतात. ही वाढ इस्ट्रोजेनवर पोसली जात असल्याने गर्भाशयासह दोन्ही बीजकोशही सहसा काढतात. अवशेष राहिल्यास काही वर्षांनीही पुनरुद्भव होतो. म्हणून नियमित तपासणी चुकवू नये.

आपले कर्तव्य

फायब्रॉइडचे पूर्ववृत्त असलेल्या स्त्रीस शोथ, दम वा मूर्च्छा असेल तर केवळ शोथहर वा ग्रंथिहर कल्प देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणे योग्य नव्हे. पायातील सिरेत गुठळीची शंका असताना मर्दन व स्वेदन टाळावे आणि त्वरित तपासणीस पाठवावे. शस्त्रकर्मानंतर अग्निदीपन, बलवर्धन व पथ्यापथ्य यांत वैद्याचे साहाय्य मोलाचे ठरते. तेही शल्यचिकित्सकाशी विचारविनिमय करूनच द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंनी जुन्या चिठ्ठीवर इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या वारंवार देऊ नयेत. वॉरफरिनसारखे औषध चालू असलेल्या रुग्णेस कोणताही नवा कल्प देण्यापूर्वी वैद्य व डॉक्टर या दोघांनाही विचारण्यास सांगावे.

असा रुग्ण आपल्या संपूर्ण व्यवसायकाळात कदाचित एकदाही येणार नाही. आलाच, तर शोथाच्या तक्रारीमागे दडलेले गर्भाशयाचे पूर्ववृत्त विचारणारा वैद्यच त्याचे प्राण वाचवू शकेल.