गुणांकन, सूचना आणि मुखत्यारपत्र

द्राक्षासव आपल्या आयुर्वेदास जुनाच परिचित आहे. परंतु द्राक्षांच्या मद्यास शंभरापैकी गुण देण्याची प्रथा मात्र अलीकडची. १९७८ साली अमेरिकेत रॉबर्ट पार्कर या वकिलाने वाइनविषयक एक पत्रक काढले आणि त्यातील शंभर गुणांची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. तीत मोजणीचा आरंभच मुळी पन्नासापासून होतो! तेथील शाळांच्या गुणपद्धतीवरून ती बेतलेली आहे, हे कळल्यावर आम्हां शिक्षकांचे कुतूहल जागे व्हावे, यात नवल नाही.

२०१० साली डेन्मार्कमध्ये व्हिविनो ही सेवा निघाली आणि परीक्षकाची खुर्ची सामान्य ग्राहकाकडे आली. बाटलीवरील लेबलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढावे, की इतरांनी पाचांपैकी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी समोर येते. आपणही तारे द्यावेत, दोन ओळींचा अभिप्राय लिहावा. तो आपल्या खात्यात जमा होतो. नाशिककडील वाइनचीही अशी परीक्षा आता होत असते.

त्याच सुमारास अमेरिकेत 'इफ्ट' नावाचे एक साधन जन्मास आले. 'हे घडले, तर ते कर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनले आहे. अशा साधनांचे कार्य व्याकरणातील संकेतार्थी वाक्यासारखे असते. 'मी एखाद्या वाइनला चारांहून अधिक तारे दिले, तर तिचे नाव माझ्या कोष्टकात लिही,' किंवा 'अमुक मित्राने नवा अभिप्राय नोंदवला, तर मला सूचना पाठव,' असा नियम एकदा घालून दिला, की यंत्र न कंटाळता तो पाळत राहते. अर्थात ज्या सेवेने बाहेरच्या साधनासाठी असे दार ठेवले असेल, तिच्याशीच ही जोडणी होते.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या खात्यातील नोंदी या तिऱ्हाईतास वाचू कशा द्यायच्या? पूर्वी काही सेवा सरळ परवलीचा शब्दच मागत. म्हणजे दिवाणखाना दाखवण्यासाठी साऱ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा हवाली करण्यासारखेच ते झाले! यावर उपाय म्हणून 'ओऑथ' ही पद्धत निघाली; तिची आज प्रचलित असलेली दुसरी आवृत्ती २०१२ सालची. तीत आपण मूळ सेवेच्याच पानावर प्रवेश करून संमती देतो आणि ती सेवा त्या साधनास एक सांकेतिक परवाना देते. परवलीचा शब्द साधनाच्या हाती पडत नाही. आपल्याकडील मर्यादित मुखत्यारपत्रासारखा हा प्रकार आहे: अमुक काम करावे, तमुक करू नये, आणि मनात येईल तेव्हा रद्द करावे.

मुखत्यारपत्र न वाचता त्यावर सही करणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. तोच न्याय येथेही लावावा. केवळ वाचण्याची परवानगी मागितली आहे की आपल्या नावाने लिहिण्याचीही? सूचना एकट्या आपल्याला जाणार की सर्वांना दिसेल अशा ठिकाणी? आमच्या वाचकांना तर हा प्रश्न विशेष जवळचा आहे. गोव्यात वाइन दुकानात उघडपणे मिळते. गुजरातेत दारूबंदीचा कायदा आहे. गोव्यातील कुटुंबात सहज बोलून जाणारी गोष्ट बडोद्याच्या आप्तमंडळींत चर्चेचा विषय होऊ शकते. कोणी काय प्यायले, केव्हा प्यायले, हे चव्हाट्यावर मांडणे यंत्राला क्षणाचे काम. ते परत घेणे मात्र कोणाच्याच हाती नाही.

दुसरा विवेक गुणांविषयीचा. कॅलिफोर्नियातील एका प्रसिद्ध स्पर्धेत परीक्षकांसमोर एकाच बाटलीतील वाइन न सांगता तीन वेळा ठेवण्यात आली. २००८ साली रॉबर्ट हॉजसन यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात सुमारे दहा टक्के परीक्षकच आपल्या निर्णयाशी सुसंगत राहिले. उत्तरपत्रिका पुन्हा तपासताना गुण बदलतात, हा अनुभव कोणत्या शिक्षकास नाही? मग चार तारे आणि तीन पूर्णांक नऊ दशांश यांतील अंतरावर सूचनेचा सारा डोलारा उभारणे कितपत योग्य? शिवाय सरासरी पाहताना मते किती जणांची, हेही पाहावे. पाच जणांची सरासरी आणि पाच हजारांची सरासरी यांना एकच वजन देता येत नाही.

असो. घरातील तरुणांनी अशी जोडणी केली असेल, तर त्यांना रागे भरण्याचे कारण नाही. त्यांच्याजवळ बसून खात्यातील 'जोडलेल्या सेवा' ही यादी एकदा उघडावी. ज्यांचे काम संपले त्यांचा परवाना रद्द करावा, सूचनेचा पत्ता तपासावा आणि उरलेल्या नियमांचा हेतू विचारावा. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, हे तत्त्व २०२३ साली संमत झालेल्या आपल्या विदासंरक्षण कायद्यातही आहे. त्या अधिकाराचा वापर करण्याची सवय मात्र घरातच लागली पाहिजे.