लाल रेघेतलं सोनं: पाच गैरसमज

गर्भधारणा घरच्या घरी तपासायच्या पट्टीवर लालसर रेघ उमटते. कोविडच्या काळात तशीच रेघ आपण घरोघरी पाहिली. पुण्याच्या मायलॅबने बनवलेल्या ‘कोविसेल्फ’ किटला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्ये मान्यता दिली. घरी स्वतःच वापरायचं ते देशातलं पहिलं कोविड किट. या रेघेवर माणसं मोठे निर्णय घेतात. म्हणूनच ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट कळायला हवं.

गैरसमज १: रेघेला रंग शाईमुळे येतो.

वस्तुस्थिती: काही पट्ट्यांत रंगीत लेटेक्सचे कण असतात, पण बऱ्याच पट्ट्यांत तो रंग सोन्याचा असतो. हे कण साधारण ४० नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारपटीहून लहान. एवढ्या लहान कणावर प्रकाश पडला की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन एकत्र पुढेमागे हेलकावू लागतात. झोक्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो उंच जातो, तसं इथे घडतं. पाण्यातल्या अशा सोन्याची लय ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो प्रकाश शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत लालसर रंग पोचतो. इलेक्ट्रॉनांच्या या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. एका पट्टीला लागणारं सोनं मायक्रोग्रॅमच्या घरातलं असतं, त्यामुळे ती स्वस्तात मिळू शकते.

गैरसमज २: सोनं रोग किंवा गर्भधारणा ओळखतं.

वस्तुस्थिती: ओळखण्याचं काम प्रतिपिंडं करतात. गर्भधारणेच्या पट्टीत सोन्याच्या कणांवर एचसीजी या संप्रेरकाला धरणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. लघवी पट्टीत पुढे झिरपताना हे कण सोबत घेऊन जाते. वाटेत एचसीजी भेटलं तर ते कणांना चिकटतं, आणि पुढच्या रेघेवर पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या जोडीला अडवून धरतात. कण एका जागी साचले की रेघ दिसते. पट्टीवरच्या दुसऱ्या, म्हणजे नियंत्रण रेघेवरची प्रतिपिंडं मात्र एचसीजी असो वा नसो, कणांना पकडतात. ती रेघ उमटली नाही तर चाचणी बाद. ती उमटली तर द्रव पट्टीभर नीट वाहिला, एवढंच सिद्ध होतं. प्रतिपिंडं सदोष असतील तर सोनं कितीही चांगलं असलं तरी निकाल चुकतो.

गैरसमज ३: रेघ गडद तर आजार मोठा, रेघ फिकट तर निकाल अर्धवट.

वस्तुस्थिती: घरगुती किट ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच सांगण्यासाठी बनवलेलं असतं. सूचनेतल्या वेळेत उमटलेली फिकट रेघही रेघच असते. वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळताना दिसणारी पुसट खूण मात्र धरायची नसते. एचसीजी फारच जास्त असेल तर उलटंही घडतं. दोन्हीकडची प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंनी आधीच भरून जातात, जोडी जुळत नाही आणि रेघ फिकी पडते. तज्ज्ञ याला ‘हुक इफेक्ट’ म्हणतात. कोविडची लक्षणं असूनही रॅपिड चाचणी निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करून घ्या असं आयसीएमआर सांगत असे, कारण नमुन्यात विषाणू कमी असले तर पट्टीला ते सापडत नाहीत.

गैरसमज ४: नॅनोतंत्र प्राचीन काळीच ठाऊक होतं.

वस्तुस्थिती: ब्रिटिश म्यूझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक समोरून प्रकाश पडला तर हिरवा दिसतो आणि आतून प्रकाश आला तर लाल. काचेतल्या सोन्या-चांदीच्या नॅनोकणांमुळे हे घडतं. त्या कारागिरांचं कसब थोरच होतं, पण रंगामागचं कारण त्यांच्या हाती नव्हतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याची लाल द्रावणं बनवून, सोनं अतिसूक्ष्म झाल्याने रंग बदलतो असं मांडलं. गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्याचं गणित दिलं. रंग दिसणं आणि तो का दिसतो हे कळणं, या दोहोंत पंधरा शतकं गेली. आजची पट्टी त्या कळण्यावर उभी आहे.

गैरसमज ५: प्लाझ्मॉनच्या तंत्राने एकेक रेणू दिसतो, म्हणजे आता रक्ताच्या एका थेंबात सगळे रोग कळतील.

वस्तुस्थिती: यातला पहिला भाग खरा आहे. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला खडबडीत चांदीवर चिकटलेल्या पिरिडिनचा रामन संकेत (रेणूवरून विखुरताना रंग बदललेला प्रकाश) अनपेक्षितपणे जोरदार मिळाला. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला हा क्षीण परिणाम धातूच्या सान्निध्यात प्रचंड वाढतो. १९९७ मध्ये या वाटेने एकेका रेणूचे संकेत नोंदवले गेले. दुसऱ्या एका पद्धतीत सोन्याच्या सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या थरावर परावर्तित प्रकाशाचा कोन मोजून रेणू चिकटताना-सुटताना पाहता येतात. लिंकोपिंगच्या संशोधकांनी १९८३ मध्ये हे दाखवलं आणि १९९० मध्ये बायाकोर हे यंत्र बाजारात आलं. औषध-संशोधनात असं यंत्र आता नेहमीचं आहे.

पण हे संवेदक पृष्ठभागालगतच्या काहीशे नॅनोमीटरपर्यंतच पाहतात. विरळ रेणू तिथवर पोचायला वेळ लागतो. शिवाय रक्तात भलतीच प्रथिनं खच्चून भरलेली असतात. ती पृष्ठभागाला चिकटली तरी संकेत येतोच. नको ते चिकटू न देणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि एका थेंबात सारे रोग असा दावा करणाऱ्याला पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारायला हवा.

सोन्याचा कण अत्यंत प्रामाणिक साक्षीदार आहे: आपल्याजवळ काहीतरी आलं, एवढं तो खात्रीने सांगतो. काय आलं हे प्रतिपिंडं ठरवतात आणि त्याचा अर्थ डॉक्टर लावतात. पट्टी वेळेत वाचा, सूचना पाळा आणि शंका उरली तर प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या.