जेवणाची रोजकीर्द

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. जेवण ही कुणाला शिकवावी लागणारी गोष्ट आहे, असे आपल्याला कधी वाटत नाही. परंतु ज्याचे अन्नाशीच वैर झाले आहे, अशा माणसाला जेवायला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. त्या शिक्षणाचा पहिला धडा कोणता, एवढेच सांगण्याचा या लेखात विचार आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, वैद्यकाची नव्हे. पण हा धडा मी स्वतः गिरवला आहे.

प्रथम वर्षाला असताना मी कोणत्या पदार्थात किती उष्मांक, याचे एक कोष्टक मिळवले आणि वहीत हिशेब मांडू लागले. खाल्ले ते नावे, टाळले ते जमा! जमेची बाजू वाढली की परीक्षेत गुण मिळाल्यासारखा आनंद होई. सोमवार, संकष्टी, एकादशी यांचा मला मोठा आधार झाला, कारण आपल्या घरांत उपवासाला कोण नाही म्हणणार? 'पोर किती श्रद्धाळू' असे शेजारच्या काकू आईला म्हणत. पण चार दिवस असे काढले की एखाद्या रात्री मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच डबे रिकामे करीत असे, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपवास. दोष उपवासाचा नव्हता; त्याच्या आड मी आजार लपवीत होते.

हा आजारच आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. अन्न टाळत जाण्याच्या विकाराला 'अॅनोरेक्झिया नर्व्होसा' हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली दिले. अनावर खाणे आणि मग त्याची भरपाई करणे, या चक्राचे 'बुलिमिया नर्व्होसा' या नावाने वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. हे विकार मुलग्यांनाही होतात. केवळ शरीराकडे पाहून ते ओळखूही येत नाहीत.

उपाशी राहण्याने मनाचे काय होते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे धडधाकट, निवडक तरुण होते. तरीही ते चिडचिडे झाले, त्यांचे चित्त कशात लागेना, दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. पुढे भरपूर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचे पोट भरले तरी भूक शमेना. हे वाचून मला रडू आले. ज्याला मी माझ्या स्वभावाचा हलकेपणा समजत होते, ते बऱ्याच अंशी उपासमारीचेच लक्षण होते.

गेल्या वर्षी परीक्षेनंतर आईने मला हैदराबादला, कुकटपल्लीच्या हौसिंग बोर्ड कॉलनीत राहणाऱ्या मावशीकडे पाठवले. तेथे डॉक्टर व आहारतज्ज्ञ बाई यांचे उपचार सुरू झाले. काय खावे याची मोठी यादी मिळेल, असे मला वाटले होते. मिळाले ते वेळापत्रक! सकाळी ८ ला न्याहारी, ११ ला काहीतरी लहान, दीडला जेवण, साडेचारला पुन्हा थोडे, रात्री ८ ला जेवण. तीन जेवणे, दोन मधली खाणी, आणि दोहोंत चार तासांहून अधिक अंतर नाही. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीतही नियमित खाणे हा आरंभीचाच टप्पा आहे.

यामागचे कारण सोपे आहे. लांब खंड पडला की भूक अनावर होते. अनावर भुकेतून अनावर खाणे, त्यातून अपराधीपणा आणि त्यातून पुन्हा खंड. ही साखळी खंडाच्या ठिकाणीच तोडता येते. शिवाय दीर्घकाळ कमी खाल्ल्याने जठर संथ होते, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. अशा वेळी भुकेच्या इशाऱ्यावर विसंबून चालत नाही. काही काळ घड्याळाचेच ऐकावे लागते. नियमित खाण्याने हे इशारे हळूहळू पूर्वपदावर येतात. मात्र जो फार दिवस अत्यल्प खात आला आहे, त्याने एकाएकी आहार वाढवू नये. त्यात जिवाला धोका असतो, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवीच.

मावशीने काही नियम केले. ताटावर आणि शरीरावर कोणी शेरा मारायचा नाही, 'अजून घे' नाही आणि 'एवढेच?' हेही नाही. सर्वांनी एकत्र बसायचे. जेवणानंतरचा अर्धा तास मला सर्वांत कठीण जाई. तेव्हा ती मला निवडायला भाजी देई आणि गप्पा मारीत बसे. सकाळी पेसरट्टू, दुपारी भात, पप्पू आणि भाजी, साडेचारला शेंगदाण्याची चिक्की, रात्री भाकरी. कुकटपल्लीत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बाया ज्वारीच्या भाकऱ्या थापतात; तिथली गरम जोन्न रोट्टे आणताना मला आजीच्या चुलीची आठवण येई.

एका रात्री माझे जुने चक्र पुन्हा फिरले. सकाळी मी न्याहारीला नाही म्हटले. मावशीने उपम्याची बशी पुढे ठेवली आणि म्हणाली, "कालचे काल संपले. आठ वाजलेत." साऱ्या उपचारातील हे सर्वांत मोलाचे वाक्य. चूक झाली तर भरपाई करायची नाही. पुढचे खाणे त्याच्या वेळेवर घ्यायचे.

जुनी वही मी बंद केली. नव्या रोजकीर्दीत वेळ, पदार्थ, सोबत कोण आणि मनःस्थिती एवढेच रकाने. आकड्यांचा रकाना नाही. हैदराबादच्या तार्नाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. कुन्नूरला असताना, १९३७ साली, तेथील डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. पुस्तिकेच्या नावातच 'समाधानकारक आहाराची आखणी' असे शब्द होते. लोकांना पुरेसे मिळावे म्हणून असले आकडे जमवले गेले, आणि मी ते स्वतःला कमी मिळावे म्हणून वापरले!

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी असे लपूनछपून झुंजत असेल, तर एका विश्वासू माणसाला सांगा. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. प्राध्यापकवर्गास नम्र विनंती, की जादा तास ठेवताना जेवणाची सुट्टी तेवढी मोडू नये. कुणाचे तरी औषध त्या सुट्टीत असते.

आमच्या घरी आई 'जेवलीस का?' विचारते, आजी 'ऊटा आतेनु?' म्हणते. दोन्ही भाषांत मी दोन वर्षे खोटे बोलले. अजूनही काही दिवस अवघड जातात. पण आता कोणी विचारले तर मी घड्याळाकडे पाहते आणि खरे काय ते सांगते.