घाट पळून आलात? पुढचे सात दिवस असे काढा, नाहीतर भरतीचं मैदान हातचं जाईल

चंद्रपूर/गडचिरोली : आपल्या भागातली पोरं-पोरी पहाटेच रस्त्यावर असतात. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी वनरक्षकासाठी, कुणी सैन्यासाठी. यातले काही जण आता मोठ्या स्पर्धांनाही जातात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. अंतर २१ किलोमीटर. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं.

मेडल मिळतं, स्टेटसला फोटो लागतो. पण खरी गडबड त्यानंतर होते. "२१ किलोमीटर मारले, आता १६०० मीटर काय चीज आहे," असं म्हणत पोरगा तिसऱ्याच दिवशी मैदानात फुल स्पीड पळतो. मग नडगी दुखते, गुडघा धरतो आणि ऐन भरतीच्या वेळी घरी बसायची पाळी येते. पोलीस भरतीत मुलांच्या १६०० मीटरला आणि मुलींच्या ८०० मीटरला प्रत्येकी २० गुण आहेत. एका आठवड्याच्या घाईपायी ते घालवायचे का?

चढ दमवतो, उतार मोडतो

चढावर छाती भरून येते, दम लागतो. पण पायाचं खरं नुकसान उतारावर होतं. बैलगाडी घाटातून खाली उतरताना बैल ओझं मानेवर रेटून धरतात, तसंच काम उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला करावं लागतं. स्नायू ताणलाही जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजनही रोखून धरत असतो. हजारो पावलं असं झालं की त्याच्या बारीक तंतूंना इजा होते.

हे दुखणं लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं. बरेच जण म्हणतात, "लॅक्टिक ॲसिड साचलं." पण ते पळणं थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. मंगळवारी जे दुखतं ते इजा झालेल्या तंतूंची सूज आणि दुरुस्ती. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू पूर्ण बरा झाला असं नाही. ताकद परत यायला जास्त दिवस लागतात, हाडाला त्याहून जास्त.

सात दिवसांचा हिशेब (स्पर्धा रविवारी धरून)

रविवार : पळणं संपल्यावर लगेच बसू नका, १०-१५ मिनिटं चाला. तासाभरात काहीतरी खा आणि थोडं थोडं पाणी प्या. नुसतं साधं पाणी लिटरभर एकदम ढोसू नका. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून ते घोट घोट घ्या. पुण्याहून बल्लारशाहपर्यंतचा प्रवास लांबचा आहे. रेल्वेत तासातासाने उठून डब्यात चक्कर मारा, नाहीतर पाय सुजतात.

सोमवार : पूर्ण आराम. सपाट जागी १५-२० मिनिटं चालणं पुरे. रात्री आठ-नऊ तास झोप घ्या, दुरुस्तीचं बरंच काम झोपेतच होतं. जोर लावून मालिश करून घेऊ नका.

मंगळवार : हा सगळ्यात जड दिवस. पायऱ्या उतरताना बोंब होते. अर्धा तास चाला किंवा हळू सायकल चालवा. दुखणारा स्नायू जबरदस्तीने ताणू नका.

बुधवार : स्वतःची परीक्षा घ्या. कशाला न धरता उकिडवं बसून उठता येतं का? न लंगडता पायऱ्या उतरता येतात का? दोन्ही जमलं तर मातीच्या सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटं हळू पळा. सोबतच्याशी बोलता बोलता पळता आलं पाहिजे. नाही जमलं तर फक्त चाला.

गुरुवार : पळणं नाही. गोळाफेकीचं तंत्र, पोटाचे-पाठीचे हलके व्यायाम करा.

शुक्रवार : २५-३० मिनिटं हळू पळणं. घड्याळ घरी ठेवा.

शनिवार : आराम किंवा चालणं.

पुढचा रविवार : ४० मिनिटं आरामात, सपाटीवर.

१६०० मीटर टायमिंग लावून पळणं दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. घाट किंवा टेकडीचा उतार त्यानंतरच. शेतातलं कामही या हिशेबात धरा. दिवसभर निंदण केलं, पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, तर तो तुमचा व्यायामाचा दिवस झाला. वरून पळायची गरज नाही.

हळू पळायच्या दिवशी बरेच जण एकटेच निघतात. आपला भाग वाघाचा आहे. उजाडल्यावरच निघा, दोघं-तिघं मिळून जा, जंगलाला लागून असलेला रस्ता टाळा आणि कानात इअरफोन घालू नका.

डब्याची पावडर नसली तरी चालते

भात, वरण, अंडी, हरभरा, शेंगदाणा-गूळ, दही, ताक, मासोळी यात दुरुस्तीला लागणारं सगळं आहे. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं. या आठवड्यात प्रत्येक जेवणात डाळ, अंडी किंवा मासोळी यातलं काहीतरी असू द्या. भात कमी करू नका, संपलेली ताकद त्यातूनच भरते. दारू मात्र नको. तिने पाणीही जातं आणि झोपही बिघडते.

दवाखान्यात कधी जायचं?

लघवी चहासारखी किंवा कोकाकोलासारखी काळपट झाली, अंग सुजलं, दुखणं सहन होत नसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूंची मोडतोड फार झाली की त्यातले पदार्थ रक्तात उतरतात आणि किडनीवर भार येतो. पाणी कमी झालेलं असताना मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी घेणंही किडनीला घातक ठरू शकतं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. म्हणून पळणाऱ्या प्रत्येकाने आपला रिपोर्ट माहीत करून घ्यावा. वाहक, म्हणजे एएस असलेल्यांना पळायला बंदी नाही. पण सराव हळूहळू वाढवायचा, पाणी पुरेसं प्यायचं, उन्हात आणि तापात जोर लावायचा नाही. पळताना अचानक पायातलं बळच गेल्यासारखं वाटलं, मांड्या किंवा कंबर भरून आली तर तिथेच थांबा. "साधा गोळा आला" म्हणून पुढे रेटणं जिवावर बेतू शकतं. एसएस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे. तपासणीसाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

तिसरी गोष्ट तापाची. पळण्याने अंग दुखतं, पण थंडी वाजून ताप येत नाही. तसं झालं तर "थकवा आहे" म्हणून झोपून राहू नका. आपल्या भागात हिवताप आहे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात लगेच रक्त तपासून घ्या.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते आणि ती रोज वाढते आहे, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आराम म्हणजे आळस नाही

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. एव्हरेस्टवर जाणारे गिर्यारोहक एका दमात वर जात नाहीत. थोडं चढतात, परत खाली येतात, आराम करतात, मग त्याच्याहून वर जातात. पळणाऱ्याचंही तेच आहे. सरावाने स्नायूला धक्का बसतो, पण तो मजबूत होतो आरामात. धक्क्यावर धक्का देत राहिलं तर मजबूत व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

भरतीची तारीख जवळ असेल तर घाटाची स्पर्धा निदान तीन-चार आठवडे आधी झालेली असावी. तेवढं अंतर नसेल तर यंदा ती सोडा, पुढच्या वर्षी पळा. घाट कुठे जात नाही.