कंट्रीची यादी कोणाच्या हातात?

बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि जूनमध्ये रेकॉर्डिंग अकादमीने त्या पुरस्काराची विभागणी जाहीर केली: ‘पारंपरिक’ कंट्री वेगळं, ‘समकालीन’ कंट्री वेगळं. असा प्रस्ताव पूर्वीही आला होता, असं अकादमी सांगते. तसं असेलही. तरी अमेरिकी गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या ज्याने चाळल्या आहेत, त्याला या मुहूर्ताचं नवल वाटणार नाही. गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या यादीत कृष्णवर्णीय गायक वर चढला की तिथे हद्दीची चर्चा सुरू होते, हे अनेकदा घडलं आहे.

ही हद्द मुळात दुकानदारीने आखली. १९२० मध्ये ओके कंपनीने काढलेलं कृष्णवर्णीय गायिका मॅमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ धडाक्याने खपलं. तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या राल्फ पीअरने अटलांटात गोऱ्या फिडलिन जॉन कार्सनचं व्हायोलिन आणि गाणं ध्वनिमुद्रित केलं. कंपन्यांनी मग कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ आणि दक्षिणेतल्या ग्रामीण गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’ (म्हणजे पुढचं कंट्री) अशा दोन सूची केल्या. वाजवणारे मात्र असे वेगळे नव्हते. कंट्रीची ओळख बनलेला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत रुजवला. कंट्रीचा आद्य तारा जिमी रॉजर्स १९३० मध्ये ‘ब्लू योडेल नंबर ९’ गायला, तेव्हा सोबत ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता!

‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने दुकानदारांच्या याच वाटण्या उचलल्या. १९४२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची ‘हार्लेम हिट परेड’, १९४४ मध्ये ज्यूकबॉक्सवरच्या ‘फोक’, म्हणजे कंट्री, गाण्यांची यादी. १९४९ मध्ये ‘रेस’ जाऊन ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आलं. हे नाव सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा बिलबोर्डमध्येच नोकरीला होता; पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये त्याने रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिनच्या ध्वनिमुद्रिका केल्या. नाव सभ्य झालं, वाटणी तशीच राहिली.

ती किती पक्की होती, हे १९६२ मध्ये कृष्णवर्णीय रे चार्ल्सने दाखवून दिलं. त्याने कंट्रीची गाणी निवडून आख्खा अल्बम केला. त्यातलं ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे डॉन गिब्सनचं गाणं, म्हणजे अस्सल कंट्री. ते बिलबोर्डच्या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या ‘हॉट १००’ यादीवर पाच आठवडे पहिलं होतं, ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत दहा आठवडे पहिलं. कंट्रीच्या यादीत ते दिसलंच नाही. गाणं तेच, शब्द तेच; बदलला होता तो गाणारा. माझ्या मते या याद्यांच्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं पान आहे.

कृष्णवर्णीय कंट्री गायक चार्ली प्राइडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका आरसीए कंपनीने रेडिओ केंद्रांना त्याच्या छायाचित्राशिवाय पाठवल्या. आवाज आधी कानांत बसला, रंग नंतर कळला, आणि १९६९ मध्ये तो कंट्रीच्या यादीत पहिला आला. लिंडा मार्टेलच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. तिचं ‘कलर हिम फादर’ १९६९ मध्ये कंट्रीच्या यादीत २२ व्या स्थानापर्यंत गेलं. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्रीच्या मानाच्या कार्यक्रमाच्या मंचावर गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका. पण प्रेक्षागृहांतून तिला शिव्या ऐकाव्या लागत. आणि तिची ध्वनिमुद्रिका ज्या लेबलवर निघाली, त्याचं नाव होतं ‘प्लँटेशन’. गुलामांच्या मळ्याचा शब्द! एका अल्बमनंतर तिची कारकीर्द थांबली. बियॉन्सेने ‘काउबॉय कार्टर’मध्ये याच मार्टेलला बोलतं केलं आहे.

२०१९ मध्ये कृष्णवर्णीय रॅपर लिल नास एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीत आलं आणि बिलबोर्डने ते काढून टाकलं. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, हे कारण दिलं. तेच गाणं हॉट १०० वर १९ आठवडे पहिलं राहिलं. खप आणि श्रवण यंत्रं मोजतात, पण गाणं कुठल्या यादीत मोजायचं हे बिलबोर्डमधली माणसं ठरवतात. वादाचं मूळ इथेच आहे.

बियॉन्सेच्या वेळी ही गोम आणखी उघड झाली. ‘हॉट कंट्री साँग्ज’ या यादीत २०१२ पासून स्ट्रीमिंग, डिजिटल विक्री आणि सगळ्या प्रकारच्या रेडिओ केंद्रांवरचं प्रसारण धरलं जातं. ‘कंट्री एअरप्ले’मध्ये फक्त कंट्री केंद्रं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘टेक्सस होल्ड एम’ पहिल्या यादीत अव्वल आलं. असा मान मिळवणारी बियॉन्से पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसऱ्या यादीत ते पहिल्या दहाच्या जवळपासही गेलं नाही. ओक्लाहोमातल्या एका केंद्राने श्रोत्याची फर्माईश आधी नाकारली, ओरड झाल्यावर गाणं लावलं. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या त्या वर्षीच्या पुरस्कारांत तिला एकही नामांकन नव्हतं.

परंपरा जपायला माझा विरोध नाही. जुन्या पद्धतीने फिडल आणि स्टील गिटार वाजवणाऱ्यांना वेगळा पुरस्कार जरूर मिळावा. पण त्या परंपरेत रे चार्ल्स आणि लिंडा मार्टेल धरले जाणार नसतील, तर ती अर्धी परंपरा आहे. मार्टेलचा १९७० चा ‘कलर मी कंट्री’ आज ऐकायला मिळतो. तो ऐका आणि हे कंट्री आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.