समुद्र का वाढतो? मुलांना आधी अंदाज करू द्या

आजचा विषय आहे समुद्र आणि हवामानबदल. म्हणजे खरं तर, हे सगळं मुलांना शिकवायचं कसं?

1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की शाळांमध्ये पर्यावरण हा विषय सक्तीनं शिकवला जावा. त्यामुळे आज आपल्या मुलांना पर्यावरणाची पुस्तकं आहेत, प्रकल्पवह्या आहेत, घोषणांचे फलक आहेत. मी शाळांमध्ये जातो तेव्हा पाचवीतली मुलंसुद्धा एका सुरात सांगतात, 'बर्फ वितळतोय म्हणून समुद्र वाढतोय.' उत्तर पाठ असतं. पण ते उत्तर अर्धंच बरोबर आहे.

घरी करून बघा. दोन सारखे ग्लास घ्या. पहिल्यात पाणी आणि तीन-चार बर्फाचे खडे तरंगत ठेवा. दुसऱ्यात एक मोठा दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील एवढंच पाणी घाला, आणि तितकेच खडे त्या दगडावर ठेवा. दोन्ही ग्लासांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आता घाई करू नका. मुलांना विचारा, कुठल्या ग्लासातलं पाणी वाढेल? प्रत्येकाला अंदाज कागदावर लिहू द्या. बहुतेक मुलं लिहितात, 'दोन्ही.'

अर्ध्या-पाऊण तासानं बघाल तर तरंगत्या बर्फाच्या ग्लासात पाणी खुणेवरच असतं. दगडाच्या ग्लासात मात्र चढलेलं असतं. कारण तरंगणारा बर्फ वितळून जेवढं पाणी होतं, तेवढी जागा त्यानं आधीच व्यापलेली असते. दगडावरचा बर्फ पाण्यात नव्यानं येतो. आता नकाशा उघडा. उत्तर ध्रुवावरचा समुद्री बर्फ म्हणजे पहिला ग्लास. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि आपल्या हिमालयातल्या हिमनद्या म्हणजे दुसरा. गंगोत्रीचा बर्फ शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो, हे मुलं स्वतःच बोटानं दाखवतात.

(एखादा चौकस मुलगा विचारेल, 'समुद्राचं पाणी खारट असतं, मग?' त्याला शाबासकी द्या. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचा बर्फ वितळला तर पातळी किंचित चढते. अगदी किंचित.)

उरलेलं अर्धं उत्तर बर्फात नाहीच. एक फुगा हवेनं फुगवा आणि मेणबत्तीवर धरा, लगेच फुटतो. दुसऱ्या फुग्यात अर्धा कप पाणी घालून फुगवा आणि पाण्याचा भाग ज्योतीवर धरा. काजळी धरते, पण फुगा फुटत नाही. उष्णता पाणी पिऊन टाकतं. हा प्रयोग मोठ्यांनीच करायचा. कोळसा, पेट्रोल जाळून आपण पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवली आहे, तिच्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्रानं घेतली आहे.

हे सांगितल्यावर एकदा दहा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, 'मग समुद्राचा फुगा कधी फुटणार?'

असा प्रश्न आला की आपण मोठी माणसं दोन गोष्टी करतो. एक तर मुलाला घाबरवतो, नाहीतर 'एक झाड लाव' म्हणून मोकळे होतो. मला दोन्ही पटत नाहीत. मी तिला सांगितलं, समुद्र फुटत नाही, फुगतो. तापलेलं पाणी जास्त जागा घेतं. 1901 ते 2018 या काळात जगभर समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर वाढली, त्यात बर्फाबरोबर या फुगण्याचाही मोठा हात आहे. तिनं पट्टी काढून 20 सेंटिमीटर मोजले. तेव्हा तिची भीती जरा आकड्यात आली असं मला वाटलं.

तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, हैदराबाद, दिल्ली इथून बघता. मुलं म्हणतील, आमच्याकडे कुठे समुद्र? त्यांना सांगा, भारतातला सुमारे तीन-चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबरच्या मान्सूनमध्ये पडतो, आणि त्यातलं बरंचसं बाष्प समुद्रावरून येतं. इंदूरच्या नळाला येणारं पाणीही असं लांबून आलेलं आहे.

जैवविविधतेसाठी मी यादी पाठ करून घेत नाही. एकच प्राणी घेतो, ऑलिव्ह रिडले कासव. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ही कासवं हजारोंच्या संख्येनं अंडी घालायला येतात. कोकणातही येतात, पण एकेकटी. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. वर्गात हे सांगितलं की क्षणभर शांतता होते, आणि मग कोणीतरी विचारतंच, 'सगळ्याच माद्या झाल्या तर?' हवामानबदलाचा धडा तिथे खरा सुरू होतो, आणि तो मुलानं सुरू केलेला असतो.

मग मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची गोष्ट सांगतो. तिथले गावकरी वीसहून जास्त वर्षं ही अंडी कुंपणात जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. घरट्यावर सावली केली तर वाळू थोडी गार राहते, हेही मुलांना सुचतं. पण सावलीनं समुद्र गार होत नाही. त्यासाठी कोळसा आणि पेट्रोल कमी जाळावं लागेल, आणि ते काम मोठ्यांचं आहे. हे मुलांना स्पष्ट सांगा. दहा वर्षांच्या खांद्यावर पृथ्वी ठेवू नका.

प्रयोगासाठी बर्फाचे खडे आदल्या रात्रीच लावून ठेवा, आणि दोन्ही ग्लासांत मोजून सारखेच घाला. एक खडा इकडेतिकडे झाला तर मुलं तेवढंच धरून बसतात.