सत्तावन्न हजार चित्रांचा ताळा

सिनेमाची कुठलीही जुनी यादी हाती आली की माझी नजर नट-नट्यांच्या आधी लांबीच्या रकान्यावर जाते. किती रिळं, किती फूट, किती मिनिटं. हा नाद फार जुना आहे. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात वाढलेल्याला तो लागावा अशी परिस्थितीही होती. यात्रेतल्या तंबूतल्या टॉकीजमध्ये रीळ तुटलं की ऑपरेटर चार-सहा फ्रेम कापून जोड मारायचा आणि सिनेमा पुढे सुरू. गावोगाव फिरणारी ती प्रत दर जोडाला थोडी आखूड होत जायची. तंबूवाल्यांची ती दुनिया शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आली आणि २०१६ मध्ये कानपर्यंत पोचली. पण तंबूत पाहिलेला सिनेमा मुळात केवढा होता, हे यात्रेतल्या कुणालाच सांगता आलं नसतं.

तंबू गेले, व्हीसीडी आल्या. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, कुठेही भाड्यानं सीडी मिळायची. आमच्याकडे मागणी तमाशापटांना फार. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. त्यामुळे 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'केला इशारा जाता जाता' (१९६५), 'एक गाव बारा भानगडी' (१९६८), 'पिंजरा' (१९७२) ही नावं इथे तोंडपाठ. मीही तेव्हापासून सीडी जमवत आणि संगणकावर उतरवत गेलो. आज तो साठा टेराबाइटांत मोजावा लागतो, आणि एवढा साठा डोळ्यांनी तपासणं अशक्य आहे.

गोंधळाचं मूळ व्हीसीडीच्या घडणीतच आहे. एका तबकडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर. आणि जवळजवळ प्रत्येक तबकडीवरच्या मुख्य फायलीचं नाव एकच: एव्हीसेक झिरो वन डॉट डॅट. सिनेमा कुठलाही असो, भाग पहिला असो की दुसरा, नाव तेच. उतरवून घेताना हातानं नाव द्यायचं. त्यात चूक झाली की पहिला भाग दोनदा आणि दुसरा गायब, किंवा एका सिनेमाच्या पोटात दुसऱ्याचा उत्तरार्ध. शिवाय ते दिवस भारनियमनाचे. एमपीफोर फायलीची अनुक्रमणिका सहसा सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी वीज गेली, तर दोन तास रूपांतरित झालेलं चित्र डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही.

म्हणून टर्मिनल, म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा देण्याची खिडकी. फाइलच्या नावावर विसंबायचं नाही, तिच्या पोटात काय आहे ते वाचायचं, हे तत्त्व आमच्या तालुक्यात तरी नवं वाटायला नको. नारायणगावापासून जवळच, खोडदला, जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आहेत. तिथल्या निरीक्षणांच्या फायली एलटीए नावाच्या स्वरूपात साठवतात. खगोलशास्त्रज्ञ आधी 'लिस्टस्कॅन' ही कमांड चालवून आत कोणत्या स्रोताची कोणती निरीक्षणं आहेत ते काढून घेतो, मग 'जीव्हीफिट्स'नं हवी तेवढी बाहेर काढतो. २०१० ते २०१२ दरम्यान घेतलेली १५० मेगाहर्ट्झची निरीक्षणं अशीच साठ्यातून काढून हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी पुन्हा प्रक्रियेत घातली, आणि २०१७ मध्ये ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. नीट नोंदी असलेला जुना साठा पुन्हा वाचला तर त्यातून नवं आकाश निघतं, हे खोडदनं दाखवलं. सिनेमाला तो मान आपण अजून दिलेला नाही.

अवजारं सगळी फुकट मिळतात आणि त्यांच्याबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. 'फाइंड' सगळ्या फायली शोधून देते, 'एफएफप्रोब' प्रत्येकीचा कालावधी, चौकट आणि सेकंदाला किती फ्रेम ते सांगते, 'ऑक' त्याचा तक्ता करते. 'एफएफएमपेग'ला सांगायचं की पूर्ण सिनेमा मनातल्या मनात चालव, कुठे लिहू नकोस, फक्त अडखळलास तर बोल. रात्रभरात खराब फायलींची यादी तयार होते. प्रत्येक फायलीचा 'शा-२५६' ठसा काढून ठेवला की पुढच्या वर्षी एक बिट जरी बदलला तरी कळतं. एक अडचण मात्र खास मराठी आहे. 'नवरी मिळे नवऱ्याला' (१९८४) माझ्या यादीत दोनदा दिसत होता, नाव अक्षरशः सारखं. एकात 'ऱ्या' लिहायला नुक्त्याचा र वापरला होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, फायलीच्या नावात तीन बाइटांचा. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही. 'सेड' या कमांडनं मुद्दाम बदलून घ्यावं लागतं. मराठी नावांचा साठा ठेवणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

एवढं झालं की फाइल धड आहे की नाही ते समजतं. सिनेमा धड आहे की नाही, ते समजत नाही. अर्धा सिनेमा असलेली फाइलसुद्धा कुठेही न अडखळता चालते. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार हवा, आणि तो प्रत्येक भारतीय सिनेमाच्या अगदी सुरुवातीला उभा असतो: सेन्सॉरचं प्रमाणपत्र. तंबूत ते पडद्यावर आलं की पोरं शिट्ट्या मारायची, कारण आता सिनेमा सुरू होणार. त्यावर लिहिलेलं कुणी वाचलं नाही. नाव, भाषा, प्रमाणपत्राची तारीख, रिळांची संख्या आणि लांबी. जुन्या प्रमाणपत्रांवर ती फुटांत असते, पुढे मीटरमध्ये. बोर्डानं काटछाट करायला लावली असेल तर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असतो.

ही लांबी म्हणजे ताळा घ्यायला आयता आकडा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट, किंवा २७.४३ मीटर. समजा प्रमाणपत्रावर ४,११४ मीटर लिहिलंय, तर भागाकार केला की १५० मिनिटं. आता 'एफएफप्रोब' १४४ मिनिटं सांगत असेल तर घाबरायचं कारण नाही. आपल्याकडच्या व्हीसीडी-डीव्हीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या. सिनेमा तेवढाच, फक्त चार टक्के जास्त वेगात पळतो. त्यानं आवाजही चढतो, पेटीवर जवळजवळ पाऊण पट्टी. सीडीवर लावणी ऐकत मोठी झालेली आमची पिढी ती गाणी मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वरात आणि ढोलकी मूळ लयीपेक्षा जलद ऐकत आली, याची मला हळहळ वाटते.

पण १३३ मिनिटं दिसली, तर काहीतरी गेलंय. हजार फुटांचं एक रीळ २४ फ्रेमच्या वेगानं ११ मिनिटं ७ सेकंद चालतं, पालच्या वेगानं १० मिनिटं ४० सेकंद. तूट त्याच्या आसपास असेल, तर प्रत बनवताना अख्खं रीळ राहिलेलं असण्याची शक्यता फार. तूट चार-पाच मिनिटांची असेल, तर बहुतेक गाणं.

हे काम मी असं करतो: 'एफएफएमपेग'कडून पहिल्या मिनिटातली दर सेकंदाची एक फ्रेम काढून घ्यायची आणि 'टाइल' गाळणीनं सगळ्या एका पानावर मांडायच्या. प्रमाणपत्र लगेच डोळ्यांत भरतं. ते वाचायला यंत्र उपयोगी पडत नाही. टंकलेखन यंत्राची पुसट अक्षरं, वर शिक्के, सह्या. डोळ्यांनी वाचून आकडा तक्त्यात भरायचा. एका तमाशापटात असा ताळा बसेना. 'ब्लॅकडिटेक्ट'नं काळ्या फ्रेमची ठिकाणं काढली आणि दोन तबकड्यांच्या सांध्यापाशी पाहिलं. बाई चाळ बांधून बोर्डावर येतात, ढोलकीवाला तोडा सुरू करतो, बाई पदर खोचतात, आणि पुढच्याच फ्रेमला भर दुपारी वाड्याच्या ओसरीवर पाटील पान लावत बसलेत. सबंध लावणी गेली. सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या प्रतीत ती असू शकते, आणि ती शोधणं चालू आहे. पण तमाशापटातून लावणीच गळावी, आणि ते पाहणाऱ्याला कळूही नये, हे मला साधं वाटत नाही.

तारखेच्या बाबतीत मात्र प्रमाणपत्रावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षांची असे, नंतर पुन्हा घ्यावं लागे. १९८३ मध्ये बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. म्हणून साठच्या दशकातल्या सिनेमावर नव्या नावाचं प्रमाणपत्र दिसलं तर ते उशिराचं, आणि त्यावरची लांबीही कदाचित नंतर कापलेल्या प्रतीची.

आणि प्रमाणपत्रच नसलेला काळ? सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा, आणि मुंबईत बोर्ड आलं १९२० मध्ये. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ ला. त्याला साक्षीदार कोण? इथे मला सगळ्यात आवडता कागद हाती येतो. बार्नो आणि कृष्णस्वामी यांच्या १९६३ च्या 'इंडियन फिल्म' या ग्रंथात सुरतेची हकिगत आहे. तिथे फाळक्यांच्या पहिल्या खेळाचा गल्ला फक्त तीन रुपये जमला. रात्रभर नाटक बघणाऱ्या लोकांना हा आखूड खेळ महाग वाटत होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तिकीट तीन आणे. गर्दी लोटली.

या जाहिरातीचा ताळा आज घेता येतो. ५७,००० भागिले १६, म्हणजे ३,५६२ फूट. चित्रपटाची लांबी ग्रंथांत ३,७०० फूट दिलेली असते. फरक चार टक्क्यांच्या आत! फाळक्यांनी फ्रेमचा आकडा जवळजवळ खरा दिला होता. दोन मैल मात्र होतात १०,५६० फूट, म्हणजे तिप्पट. एकाच जाहिरातीत एक आकडा हिशेबनिसाचा आणि एक फेरीवाल्याचा, आणि दोन्ही फाळक्यांचेच. मला त्यात त्यांचा सबंध स्वभाव दिसतो.

आणखी एक गोष्ट याच हिशेबात सापडते. आज अनेक ठिकाणी 'राजा हरिश्चंद्र'चा कालावधी ४० मिनिटं लिहितात. ३,७०० फूट म्हणजे ५९,२०० फ्रेम; २४ च्या वेगानं ४१ मिनिटं. म्हणजे हा आकडा बोलपटाच्या वेगानं मूकपट मोजून आलेला दिसतो. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवत, ढोबळ वेग सेकंदाला १६ फ्रेम. त्या वेगात एक सेकंद म्हणजे बरोबर एक फूट. ३,७०० सेकंद, एक तास दोन मिनिटं. आपला पहिला कथापट आपण दोन-तृतीयांश करून ठेवला, आणि राजा, तारामती झालेले साळुंके, सगळे लगबगीनं पळताना दिसले की प्रेक्षक हसतात. दोष साळुंक्यांचा नव्हता.

पण मूळ भांडण पुढेच आहे. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. ती रिळं १९१३ ची म्हणून दाखवली जातात. मात्र फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' म्हणून पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असं वीरचंद धरमसी यांचं म्हणणं आहे. धरमसी हे नाव सिनेमाच्या वेड्यापिशांपलीकडे फारसं कुणाला माहीत नाही. सुरेश छाब्रिया यांनी संपादित केलेल्या 'लाइट ऑफ एशिया' (१९९४) या ग्रंथातली भारतीय मूकपटांची सूची त्यांची, तेराशेवर चित्रपटांची. मूकपटाचा अभ्यास करणारा आजही तिथूनच सुरुवात करतो. डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा आत काय आहे हे विचारणारा हा माणूस आहे, आणि म्हणून माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं. संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. ते नसते तर भांडायला ही दोन रिळंही उरली नसती. पण पहिलेपणाचा मान मोठा असला की नाव तपासायला कुणी धजत नाही, असं मला वाटतं.

इथे माझी सगळी अवजारं थिटी पडतात. 'शा-२५६' दोन फायली एकच आहेत का ते सांगेल; ती रिळं १९१३ ची की १९१७ ची ते सांगणार नाही. सांगू शकली असती ती मूळ फिल्मची कड. फाळके कोडॅकची कच्ची फिल्म मागवत, आणि कोडॅकनं १९१६ पासून फिल्मच्या कडेवर वर्ष ओळखण्याच्या खुणा छापायला सुरुवात केली. मूळ नायट्रेटच्या कडेवर तशी खूण मिळाली तर वाद तिथेच मिटेल. पण नायट्रेट टिकत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि अनेक मूळ प्रती गेल्या. आणि आपल्यापर्यंत येणाऱ्या डिजिटल प्रतीत कड नसतेच. स्कॅन करताना चौकटीबाहेरचं सगळं छाटून टाकतात.

म्हणून डिजिटायझेशन करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, संस्था असो की गावातला स्टुडिओवाला: एक प्रत तरी कडेसकट, छिद्रांसकट, सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीसकट स्कॅन करा, आणि प्रमाणपत्र कापू नका. ज्यांच्या माळ्यावर व्हीसीडी पडून आहेत त्यांनी पहिली तबकडी लावून प्रमाणपत्रावरचे मीटर आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. तबकडीचा मुलामा झडायला लागलाय, दुसरी खेप मिळेलच असं नाही. माझ्या तक्त्यात आता वर्षाचे दोन रकाने आहेत, एक प्रतीवर लिहिलेल्या वर्षाचा आणि एक तपासून ठरलेल्या वर्षाचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या ओळीत पहिल्यात १९१३ आहे, दुसऱ्यात १९१७ आणि पुढे प्रश्नचिन्ह.